निबेवरची दुसरी झीज

दातांच्या डॉक्टरणीला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. ती चार वर्षांची असताना एका संध्याकाळी त्यांनी तिचे ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मोजले, ते सत्तावीस भरले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती, स्वतःचा दवाखाना होता, कानांवरचे केस पिकले होते, पण प्रश्न काही आटले नव्हते. पेशंट तोंडाचा आ वासून बसला की ही त्याला विचारणार, “डाव्याच बाजूने का चावता हो?” आता त्या बिचाऱ्याने उत्तर द्यायचं तरी कसं!

त्या मंगळवारी तिला हवी होती साधी कात्री. म्हणून तिने आईचा शिवणाचा डबा उघडला, आणि टेपच्या खाली, फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेलं, बाबांचं शाईचं पेन तिच्या हाताला लागलं.

गडद हिरवं, टोपणाच्या पट्टीवरचा सोनेरी मुलामा उडालेला. तेच ते. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा या पेनासाठी तिने अख्खं घर पालथं घातलं होतं. आई म्हणाली होती, “गेलं असेल कुठेतरी.” आणि हे इथे, बटणांच्या शेजारी! तिने आईला काही विचारलं नाही. चौकशीने विचारलं नाही म्हणजे बघा. पेन गुपचूप पर्समध्ये टाकलं.

त्या पेनावर तिचा जीव होता तो पत्रांमुळे. दंतवैद्यकी शिकायला ती पाच वर्षं होस्टेलला होती, आणि त्या पाच वर्षांत बाबांची एकशे अठरा पत्रं आली. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. अक्षर असं, की लोक नुसतं बघायला टेबलापाशी येत. पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी तिला उलट्या झाल्या, तिने बॅग भरून ठेवली आणि परत येते म्हणून घरी कळवलं. त्याच आठवड्यात पत्र आलं: ‘यायचं तर ये, दार उघडंच आहे. पण रिकाम्या पोटी काही ठरवू नकोस. आधी जेव, मग रड, आणि रडून झालं की ठरव.’ ती जेवली, पोटभर रडली, आणि राहिली. तेव्हापासून ते वाक्य ती येईल त्याला ऐकवायची. रडणाऱ्या पेशंटला, भाच्याला, शेजारणीला. “आमचे बाबा म्हणायचे...” अशी सुरुवात झाली की आई मान खाली घालून बटण लावत राहायची.

आणि आई? आईने त्या पाच वर्षांत एक ओळ लिहिली नाही. पत्राच्या शेवटी ‘आईचे अनेक आशीर्वाद’ असायचे, तेसुद्धा बाबांच्या अक्षरात. हे चौकशीला लागलं होतं, फार लागलं होतं. रोज लोकांच्या दाढा उपटणाऱ्या बाईला हा एवढा सल काही उपटता आला नव्हता. बाबांच्या माघारी आई तिच्याकडेच राहत होती, पण अजूनही साधी सामानाची यादी स्वतः लिहील तर शपथ. “चष्मा सापडत नाही गं. मी सांगते, तू लिही.” एवढा आळस!

तर तिने पेन कोमट पाण्याने धुतलं, शाई भरली आणि दवाखान्यात नेलं. तिथली बॉलपेनं पेशंट खिशात घालून घेऊन जात. हे कोण नेणार? केसपेपर लिहिताना तिच्या लक्षात आलं, पेन दाबावं लागत नाही, नुसतं कागदावर टेकवलं की पुरे. संध्याकाळी दुखणारं मनगट दुखलं नाही. शाई वाळेपर्यंत कागद मिटता येत नाही, म्हणून तेवढा वेळ ती पेशंटच्या तोंडाकडे, म्हणजे चेहऱ्याकडे, बघू लागली. तिला हे पेन रोजच्यासाठीच हवं होतं, कपाटात ठेवायला नव्हे. एकच अडचण होती. ते भयंकर खरखरत होतं.

“मॅडम, लिहिताय की ड्रिल चालवताय?” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

म्हणून गुरुवारी ती पेनवाल्या काकांकडे गेली. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि सत्तरीचे काका. त्यांनी एका डोळ्याला भिंग लावलं, निब उजेडात धरली आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिली.

“कुणाचं हे?”

“माझ्या बाबांचं.”

“आणि?”

“आणि काय?”

“आणि दुसरं कुणाचं? हे दोघांनी वापरलंय.”

चौकशी हसली. “छे हो! बाबा कुणाला हातसुद्धा लावू देत नसत.”

“मला कशाला सांगता? निबेला सांगा.”

आता हे ऐकून गप्प बसेल ती चौकशी कसली! तिने पर्समधून दवाखान्यातली, कपाळाला बांधायची भिंगं काढली आणि डोक्यावर चढवली. काकांनी आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं. ते निमूट बाजूला सरकले.

निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो. वर्षानुवर्षं एकाच हाताने लिहिलं की तो त्या हाताच्या कलाने झिजून सपाट होतो. हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस कुठल्या बाजूने चावतो हे दाढ सांगतेच की. आणि या मण्यावर दोन सपाट्या होत्या. एक सरळ, जुनी. दुसरी उजवीकडे कललेली, मोठी, आणि तिची कड पहिलीला कापत गेलेली. म्हणजे ती नंतरची.

“दिसलं?” काका म्हणाले. “पहिला माणूस पेन उभं धरायचा. टेबलावर लिहिणारा, जोर लावणारा. दुसरा आडवं धरतो, आत वळवून, अगदी हलक्या हाताने. टेबलावर नाही. गुडघ्यावर पाटी घेऊन लिहिणारा माणूस आहे हा. आणि लिहिलंय म्हणजे काय, रग्गड लिहिलंय.”

“कोण असेल?”

“नाव नसतं हो निबेवर.” त्यांनी चकचकीत कागदाची एक पट्टी काढली. “दहा मिनिटांत दोन्ही घासून टाकतो. लोण्यासारखं चालेल. पण एकदा घासलं की गेलं. मग परत मागू नका.”

‘घासा’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण दुसरा माणूस कोण हे न कळता त्याला पुसून टाकायचं? “दोन दिवस थांबा,” ती म्हणाली आणि पेन घेऊन निघाली.

दुपारी दवाखाना बंद ठेवून ती घरी आली, खोलीचं दार लोटलं आणि पत्रांचा पत्र्याचा डबा पलंगावर उपडा केला. भिंगं पुन्हा कपाळावर. पहिलं पत्र, दुसरं, तिसरं. सातव्यापर्यंत रेघा जाड, शाई दाबून उतरलेली. आठव्या पत्रापासून रेघ हलकी झाली होती आणि जाडपणा भलत्याच जागी पडत होता. अक्षर तेच. वेलांट्या त्याच. पण हात वेगळा. आठव्यापासून थेट एकशे अठराव्यापर्यंत.

आठवं पत्र कुठलं? तेच. ‘आधी जेव, मग रड.’

बाबांनी नाही लिहिलं हे? मग कुणी? कचेरीतल्या कुणा कारकुनाला बसवलं होतं? ज्या वाक्यावर तिने अख्खं आयुष्य उभं केलं, ते कुणा परक्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत खरडून दिलं होतं? आणि बाबांना एवढीही फुरसत नव्हती? मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिला त्या वेळी पाहायला हवं होतं. ती रागाने रडत होती आणि भिंगांच्या आत पाणी साचून समोरचं काही दिसत नव्हतं.

“चौकशे!” स्वयंपाकघरातून आईची हाक आली. “ताट वाढलंय. आधी जेव, मग काय ती भिंगं लावून बस.”

चौकशीने भिंगं काढली. हातातल्या पत्राकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

ती जेवली. मुकाट्याने, पानात काही न टाकता. आई नेहमीसारखी खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीत बसली, पाय चौरंगावर घेतले आणि म्हणाली, “यादी घे गं लिहून. साबण...”

“आज तू लिही. माझे हात ओले आहेत.”

“चष्मा कुठे...”

“डोक्यावर आहे तुझ्या.” तिने वही पुढे केली. वहीवर पेन होतं.

आईने पेनाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वही गुडघ्यावर ठेवली, पेन आडवं धरलं, आत वळवलं आणि लिहायला लागली. खरखर नाही, काही नाही. पेन असं चाललं की जणू कालच ठेवलं होतं. साबण. लिंबं. काड्यापेटी. बाबांच्या अक्षरात.

“कुणी सांगितलं?” आईने मान वर न करता विचारलं.

“निबेने.”

आई हसली नाही. “तू गेलीस आणि दोन महिन्यांत त्यांचा हात थरथरायला लागला. नकाशावरची रेघ हलली. साहेबांनी भांडारात बसवलं.”

“बढती झाली म्हणून कळवलं होतं तुम्ही!”

“कळवलं होतं.”

सुट्टीत घरी आल्यावर बाबा सारखे हात खिशात घालून का बसायचे, कप दोन्ही हातांनी धरून ‘थंडी आहे’ का म्हणायचे, हे चौकशीला तीस वर्षांनी कळलं. त्यांचा कंप शेवटच्या वर्षी सुरू झाला असंच तिला सांगितलं होतं. आणि तिने, सगळ्या जगाला प्रश्न विचारणारीने, तेवढं एक विचारलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू बॅग भरून बसलेली. सांगितलं असतं तर थांबली असतीस?” आईने टोपण उलटसुलट केलं. “महिनाभर मी त्यांचं अक्षर गिरवलं. जुन्या नकाशांवरची गावांची नावं घेऊन. मग तुझं ते पत्र आलं. ते सांगायला बसले, मी लिहायला. पण त्यांना सुचेना, डोळ्यांत पाणी यायचं. मग म्हणाले, तुला सांगायचंय ते तूच लिही, फक्त अक्षर माझं काढ.”

“आणि मी म्हणत राहिले, आईने मला एक ओळ...”

“एकशे अकरा पत्रं,” आई म्हणाली.

“मोजलीस?”

“तिकिटं मीच चिकटवायचे.”

चौकशीला हुंदका आवरेना. “मग बाबा गेल्यावर तरी सांगायचंस! समोर बसून ऐकत होतीस, आमचे बाबा म्हणायचे, आमचे बाबा म्हणायचे...”

“इतक्या प्रेमाने सांगायचीस गं. गेलेल्या माणसाकडून ते काढून कसं घ्यायचं?”

चौकशीने डोळे पुसले, आणि सवयच ती, तिच्या तोंडून प्रश्न निघाला. “तुझं स्वतःचं अक्षर कसं होतं गं?”

“गोल होतं. लग्नाआधी मैत्रिणी वह्या मागायच्या माझ्या.” आईने वहीचं कोरं पान काढलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. ते बाबांच्या अक्षरात उतरलं. तिने पुन्हा लिहिलं, हळू, एकेक अक्षर करत. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

“आठवत नाही गं,” आई म्हणाली. “तुझी पत्रं संपली तरी त्यांचे अर्ज, हिशोब सगळं मीच लिहायचे. इतकी वर्षं त्यांचंच काढत राहिले.” आणि इतका वेळ कोरडी राहिलेली आई त्या एका ठिपक्याकडे बघून रडली.

शनिवारी काकांनी पट्टी तयारच ठेवली होती. “काय, घासू?”

“हात लावू नका. दुसरा माणूस सापडला.” मग ती म्हणाली, “मला एक नवी निब बसवलेलं पेन द्या. जिच्यावर कुणाचीच झीज नाही अशी.”

नवं पेन आईला मिळालं. जुनं चौकशीने ठेवून घेतलं, न घासता. आता ती गुडघ्यावर पाटी घेऊन केसपेपर लिहिते, पेन आडवं धरून, आत वळवून. पेशंट बघत राहतात. खरखर पुष्कळ कमी झाली आहे.

तीन-चार आठवडे आई रोज दुपारी दार लोटून बसायची. काय करतेस विचारलं तर “तुला काय करायचंय?” म्हणायची. मग एके दिवशी चौकशी जेवणाचा डबा घरीच विसरली; आईने तो पाठवला आणि काउंटरवरच्या मुलीने आत आणून दिला. डब्यावर एक चिठ्ठी होती. अक्षर वेडंवाकडं, गोल गोल, ओळ सोडून खाली घसरलेलं. ‘आधी जेव.’

“कुठल्या लहान पोरीने लिहिलंय हो मॅडम?” मुलीने विचारलं.

चौकशीने चिठ्ठी उजेडात धरली. हे अक्षर तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

“आमच्या आईने,” ती म्हणाली, आणि पेशंटला खुर्चीत तसंच ठेवून जेवायला बसली.