हक्कसोडीची साडी

संध्याकाळचे सात वाजले की लकडगंजमधल्या 'ठवकर आणि मंडळी' या वकिलांच्या ऑफिसातले सगळेजण फायली मिटून त्याच घरातल्या मागच्या स्वयंपाकघरात जमायचे. तिथे पंचफुलाबाईंचा टीव्ही होता आणि त्यावर 'वकिलांचं बिऱ्हाड' नावाची मालिका लागायची. एक चक्रम ऑफिस, त्यातले पाच चक्रम वकील, हसता हसता डोळ्यांत पाणी आणि अर्ध्या तासात न्याय.

खरं तर या मंडळींना मालिका बघायची गरज नव्हती. प्रेमानंद मेश्राम वकील उलटतपासणीची तालीम खुंटीवरच्या कोटासमोर करायचे आणि कोट उत्तर देत नाही म्हणून त्यालाच दम भरायचे. ऑफिसचे मालक चंपतराव ठवकर यांची तऱ्हा तर अख्ख्या जिल्हा कोर्टाला पाठ होती. त्यांच्याकडे कोणताही कागद सहीआधी मोठ्याने वाचला जाई आणि सही करणाऱ्याने तो आपल्या बोलीत परत सांगितल्याशिवाय त्याच्या हाती पेन पडत नसे. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडून त्यांनी करार चार वेळा वदवून घेतला होता. तो चिडून बसस्टँडवर गेला, तिथून परत आला आणि पाचव्यांदा बरोबर सांगून सही करून गेला. "कागद बोलला पाहिजे," हे चंपतरावांचं ब्रीद.

त्या दिवशीच्या भागात तीन भाऊ बहिणीची सही घ्यायला आले होते. बापाच्या घरातला हिस्सा सोडल्याचा कागद, वर एक साडी. मालिकेतल्या बहिणीने साडी भावांच्या अंगावर फेकली.

"अशी पाहिजे बाई!" चंपतरावांनी टाळ्या वाजवल्या आणि उपरण्याने डोळे पुसले. "पाह्यलं का वं बाई? आपल्या बायका कधी शिकतीन असं?"

बाई म्हणजे पंचफुलाबाई, त्यांची थोरली बहीण. तिला सगळं ऑफिस आत्याबाई म्हणे. ती चहात आलं किसत राहिली. टीव्हीसमोर डोळे पुसणं किती सोपं असतं, ते चंपतरावांना ठाऊक नसावं. किंवा ठाऊक असूनही त्यांना तेवढंच जमत असावं.

पंचफुला तेविसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आली, तेव्हा चंपत पंधरा वर्षांचा होता. आई नव्हती. वडील लहानूजी लाकडाच्या दुकानातून अंधार पडल्यावर यायचे. चंपतचे डबे, त्याचा टायफॉइड, त्याची वकिलीची परीक्षा, त्याचं लग्न, सगळं तिने निभावलं. वडील गेले ते मृत्युपत्र न करता. घर कायद्याने दोघांचं झालं. पण आज अडुसष्टाव्या वर्षी तिच्या ताब्यात होतं ते स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक खोली. तिने त्याहून जास्त कधी मागितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंपतरावांनी वैभवीला बोलावलं. वैभवी त्यांच्या हाताखालची तरुण वकील, तीन वर्षांपूर्वी आलेली.

"एक हक्कसोडपत्र बनव. बाईचं. शुक्रवारी रजिस्ट्री आहे."

वैभवीला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "आत्याबाईंचं?"

"घर पाडून इमारत होऊन राहिली. बिल्डरले एकच नाव पाहिजे. पोरगा आयुषही मागं लागला आहे, मिहानमधल्या कंपनीतल्या त्याच्या दोस्तांचे सगळ्यांचे फ्लॅट झाले म्हणते."

"आणि आत्याबाई?"

"काटोलले एक आश्रम पाह्यला. चांगली हवा, संत्र्याचे बगीचे. या वयात तिले काय पाहिजे अजून?" त्यांनी टेबलाच्या खणातून साडीचा खोका काढला. जांभळी साडी, जरीचे काठ. रीतीप्रमाणे. "हे तिले देऊ त्या दिवशी."

"सर, कागद त्यांना वाचून दाखवायचा ना?"

चंपतराव हसले. "घरच्या कागदाले काय वाचाचं वं? ती माही बहीण आहे, पक्षकार नाही."

समोर बसलेल्या प्रेमानंदांनी सगळं ऐकलं. मग ते उठून खुंटीवरचा कोट झटकू लागले.

वैभवीने कागद टाइप केला. हा तिचा पहिला दोष, आणि तो तिने पुढे कधी नाकारला नाही. पण गुरुवारी दुपारी चंपतराव कोर्टात असताना ती कागद घेऊन स्वयंपाकघरात गेली. आत्याबाई जिरं निवडत होत्या. वैभवीने सगळा कागद सावकाश वाचला आणि मग ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली, "आता तुम्ही सांगा, काय समजलं?"

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"समजाचं काय त्यात? या घरात मी कधी नव्हतीच, असं म्हणून राहिला हा कागद."

वैभवीने कागद मिटला. ती म्हणाली, "सही करू नका, आत्याबाई."

"नाही केली तं भाऊ तुटते पोरी. ज्या बाईनं हिस्सा घेतला तिच्या दारात भाऊ पाय ठेवत नाही. मी लहानपणापासून हेच पाहून राहिली." मग त्यांनी विचारलं, "आश्रमाचं कानावर आलं ते खरं आहे का वं?"

"हो."

"चंपत तं मले म्हणे, नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली देतो."

शुक्रवारी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चंपतराव खुशीत होते. क्लार्कची थट्टा करत होते, चहा मागवत होते. ओळख पटवायला प्रेमानंद आले होते. नवी साडी आत्याबाईंच्या अंगावर होती, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. कॅमेऱ्यासमोर त्यांचा फोटो निघाला. मग निबंधक साहेबांनी सवयीने, वर न बघता विचारलं, "दस्त समजला ना बाई? राजीखुशीने करता ना?"

"समजला," आत्याबाई म्हणाल्या. "राजीखुशी नाही."

साहेबांनी मान वर केली.

"बाई!" चंपतराव खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले. "काय बोलून राहिली? लोक पाहून राहिले."

"पाहू दे. मले काटोलले धाडून राहिला, हे तू मले काहून नाही सांगितलं गा चंपत? साऱ्या दुनियेले कागद वाचून दाखवते तू. मले काहून नाही वाचून दाखवला?"

"कोणी शिकवलं तुले हे?"

"तूच. चाळीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून राहिली मी."

मालिकेत अशा वेळी टाळ्या पडल्या असत्या. इथे कोणी हात हलवला नाही. प्रेमानंद भिंतीवरची मुद्रांक शुल्काची सूचना वाचत राहिले. चंपतरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. ते एवढंच म्हणाले, "आजपासून तुहा भाऊ मेला असं समज," आणि बाहेर पडले. आत्याबाई ऑटोने एकट्या घरी आल्या.

वैभवीची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला पलीकडून कडी लागली. ऑफिसचा चहा टपरीवरून येऊ लागला. चंपतरावांच्या बायकोने, वंदनाने, आत्याबाई जिन्यात भेटल्या तरी मान वळवायची सवय लावून घेतली. राखीच्या दिवशी आत्याबाई ओवाळणीचं ताट घेऊन मागच्या दारात दुपारपर्यंत उभ्या होत्या. चंपतराव पुढच्या दाराने गेले आणि पुढच्या दाराने आले.

"घर राहिलं, माहेर गेलं," त्या वैभवीला म्हणाल्या. "दोन्ही राह्यले असते तं त्याचं काय जात होतं?" आणि त्या पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

वैभवी आता मागच्या दाराने यायची. त्याच स्वयंपाकघरात बसून कोणत्याही बाईने आणलेला कागद फुकट वाचून दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. दोन महिन्यांनी पहिली बाई आली. शेजारच्या गल्लीतली कांताबाई, पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन. अंगावर नवी हिरवी साडी होती.

वैभवीने वाचला. कांताबाईने नीट ऐकला आणि आपल्या शब्दांत बिनचूक परत सांगितला. तिचे डोळे भरले.

"मग करू नका सही," वैभवी म्हणाली. "आत्याबाईंनी नाही केली."

कांताबाईने ऑफिसकडच्या बंद दाराकडे पाहिलं. आत्याबाईंच्या ताटातल्या एका जणाच्या भाकरीकडे पाहिलं.

"त्याईचं पाहूनच तं करून राहिली ना," ती म्हणाली. कागदाची घडी घालून उठली.

वैभवीने तिचा हात धरला. "मी पेन देणार नाही."

"पेन बाहेर भावाजवळ आहे."

ती गेली. रस्त्यावर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

हे वाचणाऱ्या भावांनो, आज आपल्या घराचा कागद काढून बघा. त्यावर बहिणीचं नाव नसेल, तर ते कोणत्या दिवशी गेलं आणि त्या दिवशी तिने कोणत्या रंगाची साडी नेसली होती, तेवढं तरी आठवून बघा.