दुसरी गल्ली

"दुसऱ्या गल्लीत काही सांगायचं नाही. विचारायचं, लिहून घ्यायचं आणि उठायचं."

कॉलेजातल्या मॅडमचं हे वाक्य सकाळपासून कानात घुमत होतं. प्रार्थनेला बसले तरी थांबेना. प्रार्थना होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा माझा रोजचा नेम. आज ओठ पुटपुटत होते आणि मन केव्हाच चपला घालून त्या गल्लीकडे निघालेलं.

खोलीभर बांधलेलं सामान. दुपारी पदवीदान, तिथून परस्पर गाडी आणि उद्या दुसऱ्या शहरात नोकरीवर हजर. आई काल आली होती, दोन गाड्या बदलून. माझ्या काळ्या गाऊनला ती इस्त्री करत होती.

सार्वजनिक आरोग्य शिकायला आले तेव्हा वाटलं होतं, आजारी माणसापाशी बसायला मिळेल. इथं माणसाच्या आधी वस्ती दिसायला लागते. ताप कुणाला आला यापेक्षा तो पाणी कुठून भरतो, हे आधी विचारायची सवय लागते. या सवयीनं पुष्कळ जीव वाचतात, हे मला मनापासून पटलंय. तरी स्वस्थ बसवत नाही.

आमचा शेवटचा अभ्यास पाण्याचाच होता. एकाच टाकीवरच्या दोन गल्ल्या. पहिलीत घरोघरी क्लोरीनचे थेंब दिले; किती घालायचे, किती वेळ थांबायचं, सगळं शिकवलं. दुसरीत काहीच नाही. पोरांची पोटं बिघडली का, एवढं दर आठवड्याला विचारायचं आणि कुणी आजारी असलं तर दवाखान्यात पाठवायचं. थेंबांनी फरक पडतो का ते कळायला एक गल्ली तशीच ठेवावी लागते. मॅडमनी हे समजावलं होतं आणि त्यात खोट काढायला मला आजही जमत नाही. ती दुसरी गल्ली माझ्या वाट्याला आली.

तिथे कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या मावशी राहायच्या. मला 'प्रश्नवाली' हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

"आली बाई प्रश्नवाली! आज काय, जुलाब विचारणार की उलट्या?"

"दोन्ही, मावशी."

"आमच्या पोटातलं सगळं तुला ठाऊक. तुझ्या पोटातलं मात्र अक्षर बाहेर पडत नाही!"

शेवटच्या फेरीला त्या हसल्या नाहीत. दवाखान्यातून नुकतीच आणलेली नात मांडीवर होती, डोळे खोल गेलेले. मशीन थांबवून म्हणाल्या, "शेजारच्या गल्लीत कसले थेंब देतात म्हणे. आमचं काय चुकलं गं?"

"तुमचं काही चुकलं नाही. अभ्यास संपला की मी स्वतः येईन. सगळं सांगेन."

"येईन तर सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

काल निकाल हाती आला. थेंबांनी चांगलाच फरक पडला होता. मॅडम खूश होत्या. मी विचारलं, "आता दुसऱ्या गल्लीला सांगायचं ना?"

"सांगायचंच. अहवाल आरोग्य खात्याकडे गेलाय, ते सुरू करतील सवडीनं. तू आता मोकळी झालीस."

थेंबांच्या उरलेल्या बाटल्या मागितल्या, तर "ने की," म्हणाल्या. ती पिशवी दाराशी ठेवली होती. सामान बांधताना ते 'मोकळी' दाताखाली खडा आल्यासारखं लागत राहिलं.

प्रार्थना कशीबशी संपली. आईनं पाण्याचा पेला पुढे केला. मी तोंडाशी नेला आणि खाली ठेवला.

"झाला ना नेम? मग पी की."

"जात नाहीये गं."

तिनं इस्त्री उभी केली. "कोण आहे तो?"

"तो नाही गं आई. शिवणाऱ्या मावशी आहेत."

मग सगळं सांगितलं. गल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला. आत्ता गेले तर घरोघर समजावून परतेपर्यंत मंचावर माझं नाव पुकारून झालेलं असणार. समारंभ उरकून गेले तर गाडी चुकणार.

"म्हणजे मी तुझी रिकामी खुर्ची बघायला आले?"

मागच्या रांगेतून नीट दिसावं म्हणून तिनं चष्म्याच्या काचा नव्या करून आणल्या होत्या.

ती एकाच बाहीवरून उगाच इस्त्री फिरवत राहिली. "किती दिवस झाले त्या पोरीला दवाखान्यातून आणून?"

"झाले बरेच. पण पाणी तेच पितात अजून."

इस्त्री थांबली.

"मग उभी काय राहिलीस? वेळेत आलीस तर ठीक. नाहीतर हा गाऊन घालून मीच चढते वर. लांबून कुणाला कळतंय!"

एवढं बोलून ती चष्मा काढून पुसत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी पिशवी उचलली. भरलेल्या पेल्यावर ताटली झाकली, चपला सरकवल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.