कोबीच्या वाटणीचं पाणी

फिरत्या मास्तरांना दर आठवड्याला मुख्य कचेरीकडे अहवाल पाठवावा लागे. छापील कागद, त्यावर चार रकाने: गाव, विषय, श्रोत्यांची संख्या, श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न. पहिले तीन भरायला काही डोकं लागत नसे. चौथ्यात मात्र वर्षभर एकच आकडा पडत होता, आणि तो शून्य होता.

शेतकऱ्याला शेती शिकवायची, ही कल्पनाच तेव्हा नवीकोरी होती. कचेरीतल्या कुणा शहाण्याच्या मनात आलं, की ज्ञान पुस्तकात पडून आहे आणि शेतकरी शेतात राबतोय, तर मध्ये एक माणूस चालता ठेवावा. झालं, बारा माणसं नेमली. प्रत्येकाच्या काखोटीला एक गुंडाळीचा तक्ता दिला आणि एकेक गाव वाटून दिलं. गावातली माणसं सभ्य. ती यायची, बसायची, मान डोलवायची, जांभया तोंडातल्या तोंडात गिळायची आणि मास्तरांचं बोलणं संपलं की जड पावलांनी घरी जायची. एकाने तेवढं जाता जाता म्हटलं होतं, की आता जेवताना घास कसा घ्यायचा तेही शिकवून टाका. त्याला प्रश्न म्हणावं की नाही, यावर मास्तरांनी बराच विचार केला आणि शेवटी शून्यच लिहिलं.

मास्तर मूळचे शाळेतले, गणिताचे. कायमची नोकरी सोडून ते या फंदात पडले होते. शाळेतल्या त्यांच्या खुर्चीवर आता दुसरा बसला होता, त्यामुळे परतीची वाट बंद. बायको त्यावर कधी कुरकुरली नाही. एकदाच म्हणाली, "अहो, निदान चपला तरी जाड तळव्याच्या घ्या." तिच्या या शहाणपणाचाच मास्तरांना जास्त धसका होता.

मग कचेरीचं पत्र आलं. नुसती व्याख्यानं पुरे झाली, आता करून दाखवा. प्रत्येकाने आपल्या गावात एका शेतात दोन सारखे पट्टे आखावेत, एक जुन्या रीतीचा, एक नव्या. हंगामाअखेर मोठे साहेब येऊन दोन्हींचं धान्य मोजतील. जिथे नवा पट्टा जिंकणार नाही, तिथलं मास्तरांचं पद बंद.

पट्ट्याला शेत कोण देणार? मास्तर दारोदार फिरले. सगळे गोड बोलले आणि कुणी काही दिलं नाही. शेवटी उरले नन्नाकाका. काकांचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. बोलणं कुठलंही असो, त्यांची सुरुवात 'नाही'ने व्हायची. ऊन पडलंय म्हटलं तरी 'नाही', जेवून घ्या म्हटलं तरी 'नाही', आणि मग मुकाट्याने ताटावर बसायचे. मास्तरांनी घाबरत घाबरत विचारलं. काका म्हणाले, "नाही. असले खेळ मला आवडत नाहीत." आणि उठून ओढ्याकडचं शेत दाखवायला चालू लागले.

त्या गावात गहू फोकून पेरत, म्हणजे मुठीने उधळत. मास्तरांनी दोरीला गाठी मारल्या, खुंट्या ठोकल्या आणि आपल्या पट्ट्यात ओळीने, हातभर अंतर राखून बी टाकलं. तेही निम्मंच. काका बांधावर उभे होते. मास्तरांनी त्यांना बियांचं अंतर समजावलं, ओळींमधलं तण कधी काढायचं ते समजावलं, पोथी वाचावी तसं सगळं दोनदा सांगितलं. काकांनी प्रत्येक वाक्याला 'नाही' म्हटलं आणि सगळं तंतोतंत केलं.

गहू उगवला. फोकलेल्या पट्ट्यात हिरवी सतरंजी पसरली आणि मास्तरांच्या पट्ट्यात चार केस उरलेल्या टकलासारखं काहीतरी दिसू लागलं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत. मास्तर दर मंगळवारी येत, तेव्हा काकांच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होत नसे. त्यात कोरडा महिना आला. जमिनीला भेगा गेल्या. मास्तर रोज आभाळाकडे बघत, आणि बायको त्यांच्याकडे.

पण गंमत अशी, की त्या महिन्यात टक्कल भरलं. एकेका रोपाला चार-चार, पाच-पाच फुटवे आले. शेजारची सतरंजी पिवळी पडली आणि ओळींचा पट्टा मात्र ताठ उभा राहिला. मास्तरांना घरी जाताना चक्क गाणं सुचलं. काकांच्या घरामागची काकूंची भाजीची बाग तेवढी पार करपून गेली होती. कोबीचे गड्डे मुठीएवढेही झाले नव्हते. मास्तरांनी हळहळून चौकशी केली. काकू म्हणाल्या, "तुमच्या काकांना विचारा," आणि आत निघून गेल्या. नवरा-बायकोचं काही बिनसलं असेल म्हणून मास्तरांनी विषय वाढवला नाही.

गहू कापला, मळला. खळ्यावर दोन ढीग लागले आणि कुठला मोठा हे आंधळ्यालाही कळलं असतं. दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. मास्तर आनंदाच्या भरात काकूंचे आभार मानायला गेले. काकू करपलेल्या वाफ्यात खुरपं घेऊन बसल्या होत्या.

"आभार कसले मानता?" त्या म्हणाल्या. "तुमचा गहू माझा कोबी पिऊन मोठा झालाय."

मास्तरांना उलगडा होईना. तेव्हा काकूंनी सांगितलं. ओढ्याच्या पाटाचं पाणी दर शुक्रवारी त्यांच्या वाटणीला येई, आणि ते बागेचं असे. गव्हाला कुणीच पाणी देत नसे. पण कोरड्या महिन्यात चारही शुक्रवारी काकांनी पाट ओळींच्या पट्ट्याकडे वळवला होता. काकू भांडल्या, तर काका म्हणाले, नाही, तो माणूस नोकरी सोडून आपल्या दारात आलाय, त्याची अशी फजिती मला बघवत नाही.

मास्तर तिथेच वाफ्याच्या कडेला बसले. त्यांना एकाच वेळी रडू आणि हसू आलं. आयुष्यात इतकं प्रेम त्यांच्यावर परक्या माणसाने केलं नव्हतं, आणि इतकं नुकसानही.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. काकू बोलणाऱ्या नव्हत्या, काका तर नाहीच. पद टिकलं असतं. पण पुढच्या वर्षी अख्खं गाव निम्मं बी ओळीने पेरणार, कोरडा महिना येणार, आणि तेव्हा पाट कुणाचा वळवायचा? बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "गणित चुकलं, तर तुम्ही मुलांना काय सांगायचात?"

"पुसा आणि पुन्हा मांडा."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि उद्यासाठी त्यांचा सदरा काढून ठेवू लागली. 

सकाळी सगळं गाव खळ्यावर लोटलं. साहेब वही घेऊन खुर्चीवर बसले. काटा टांगला. फोकलेल्या पट्ट्याची चार पोती भरली, ओळींच्या पट्ट्याची सहा, आणि वर पाटीभर उरलं. लोकांत कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा खुलला, त्यांनी दौतीत टाक बुडवला.

"साहेब, थांबा," मास्तर म्हणाले. "हा निकाल लिहू नका. माझ्या पट्ट्याला चार वेळा पाणी मिळालंय आणि शेजारच्याला एकदाही नाही. चूक माझी आहे. बी सांगितलं, अंतर सांगितलं, पण दोन्ही पट्ट्यांना सारखंच वागवायचं, हे मी शेताच्या मालकाला सांगितलंच नाही. मलाच ते सुचलं नव्हतं."

 काकांचं नाव मास्तरांनी घेतलं नव्हतं, पण ओढ्याकडचं शेत कुणाचं ते पोरासोरांनाही ठाऊक होतं. काका उठले.

"नाही," ते म्हणाले. "त्यांची चूक नाही. पाणी मी दिलं. कोबीचं."

आधी एक जण हसला, मग सगळं खळं हसलं. काकूही पदराआड हसल्या. साहेब तेवढे हसले नाहीत. हसू ओसरलं तेव्हा मागच्या रांगेतला कुंभार, ज्याची स्वतःची दोन तुकडे जमीन होती, उभा राहिला.

"मास्तर, पाणी दिलं नसतं तर किती पोती आली असती?"

मास्तरांनी सहा पोत्यांकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

आजवर त्या गावात शिकलेल्या माणसाने हे तीन शब्द एकत्र उच्चारले नव्हते. लोक चमकून बघू लागले. कुंभार बसला नाही. मग कळायचं कसं, त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, दोन्ही कोरडे ठेवून बघावं लागेल. लगेच एक विधवा बाई म्हणाली, की दोन्हींना पाणी दिलं तर? कुणी विचारलं, फोकलेल्यातही निम्मंच बी टाकलं तर फुटवे येतील का? कुणी म्हणालं, ओढ्याकडची जमीन काळी, माझी मुरमाड, माझ्याकडे हे चालेल का? बांध फुटावा तसे प्रश्न येत होते. मास्तर उत्तरं देत होते, अडखळत होते आणि निम्म्याहून जास्त वेळा माहीत नाही म्हणत होते. आणि दर वेळी कुणीतरी म्हणे, मग माझ्या शेतात बघू या. सात जणांनी पट्टे देऊ केले. दारोदार फिरताना गोड बोलून वाटेला लावणारे तेच सात जण.

माणसं पांगल्यावर साहेबांनी वही पुढे ओढली. निकालाच्या जागी त्यांनी रेघ मारली.  मग प्रश्नांच्या रकान्यावर टाक थांबला.

"किती झाले?"

"मोजले नाहीत साहेब."

"मी मोजले. तेवीस." साहेबांनी आकडा लिहिला आणि वहीची आधीची पानं चाळली. "बाकीच्या अकरा गावांत मी जाऊन आलो. अकराही ठिकाणी नवा पट्टा जिंकलाय. प्रश्न एकाही ठिकाणी नाही. मी खूश होतो."  मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या अकरा पट्ट्यांना पाणी कुणी घातलं असेल हो?"

मास्तर म्हणाले, माहीत नाही. आता मात्र साहेब हसले. पद राहिलं. नुसतं राहिलं नाही, तर बाकीच्या अकरा जणांना पट्टे पुन्हा मांडायचा हुकूम सुटला, आणि छापील कागदावर पाचवा रकाना आला: उत्तर न आलेले प्रश्न. घरी हे सांगताना मास्तरांना धड बोलता येईना. बायको म्हणाली, आधी पाणी प्या, आणि स्वतःच डोळे पुसत बसली.

पुढच्या वर्षी कोरडा महिना परत आला. त्यातल्या एका शुक्रवारी मास्तर मुद्दाम गेले. काकूंचा कोबी घागरीएवढा झाला होता. नन्नाकाका ओढ्याकडच्या बांधावर हाताची घडी घालून बसले होते. समोर दोन्ही पट्टे तहानलेले, माना टाकलेले. मास्तर शेजारी बसले. पाट हाताच्या अंतरावरून खळखळत बागेकडे चालला होता. ओळींकडे बघून मास्तरांचाच जीव खालीवर होऊ लागला, आणि कधी उठून ते फावड्याकडे चालू लागले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

काकांनी त्यांच्या सदऱ्याचं टोक पकडलं.

"नाही," काका म्हणाले.