थिगळ

मी एक जुनी फायबरची नाव आहे, मित्रांनो. महाराष्ट्र राज्य होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तेव्हा पुराच्या कामासाठी मला ट्रकवर लादून पूर्णाकाठी आणलं. "भोपळ्यावानी हलकी हाय," म्हणत गाव मला उचलून पाहायचं. नावाडी सहदेवच्या तर मी घरचीच झाले.

एका श्रावणात खडकावर आपटून माझ्या पोटाला भोक पडलं. लोक म्हणाले, डांबर थापा. पण डांबर लाकडाला धरतं, माझ्या गुळगुळीत अंगावरून ते सोलून निघतं. सहदेव खामगावला गेला. "जुन्या अंगाले कोन्तं धरते?" त्याने विचारलं. पॉलिस्टरची राळ स्वस्त, पण जुन्यावर इपॉक्सीच घट्ट बसतं, असं दुकानदाराने सांगितलं. सहदेवने तेच आणलं. भोक चौफेर घासून त्याने मला उन्हात वाळत ठेवलं आणि तो जेवायला गेला.

तो पोळ्याचा आदला दिवस. त्याची आई सोजराबाई बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळत होती. उरलेली वाटी घेऊन ती माझ्याकडे आली. "तुलेही लागलं ना गं माय," म्हणत तिने माझ्या जखमेभोवती तेल चोळलं, पदराने पुसलं. अहो, तेलावर काहीच चिकटत नाही! पण मी ओरडणार कशी? सहदेवने घाईत त्यावरच कापड आणि इपॉक्सी चढवलं.

दुसऱ्या दिवशी पूर्णा फुगली. सहदेवची बायको रुख्मिणी पल्याडच्या मळ्यात राखणीच्या उंच माचीवर अडकली होती. पाणी माचीला लागलं होतं. आम्ही कसेबसे पोहोचलो, ती आत उतरली आणि भर धारेत थिगळ सुटलं. मला बुडायचं नव्हतं, त्या दोघांना घेऊन तर नव्हतंच. रुख्मिणीने घोंगडीचा बोळा भोकात कोंबला आणि ती त्यावर पाठ दाबून पडली.

"वल्हवा जी, थांबू नोका!"

काठ लागला तेव्हा तिच्या पाठीतून रक्त येत होतं. सोजराबाई पुढे आली. "थिगळ काऊन निंगालं वं?"

थिगळ रुख्मिणीच्या हातात होतं. आतून हळदीने पिवळंधमक. तिने ते पाहिलं आणि नदीत भिरकावलं. "पान्याले लय जोर होता, आत्याबाई."

मित्रांनो, एखादी मोडकी वस्तू दुरुस्तीला घ्याल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगा, म्हाताऱ्या माणसांना आधी. आम्हाला बोलता येत नाही.