माटोळीचा उघडा कोपरा

“बाबा, आमच्या माटोळीचो ह्यो एक कोपरो दरवर्सा उघडो कित्याक?”

सिद्धीने विचारलं आणि बाबांचे दोरी वळणारे हात थांबले. गेल्या चवथीला गणपती बघायला आलेल्या तिच्या मैत्रिणी क्षमा आणि पूजा तिला चिडवून गेल्या होत्या, तुमच्या गणपतीक फळां पुरत नाय काय म्हणून. हिंमत असेल तर घरी विचारून दाखव, असंही वर सांगून गेल्या.

मित्रांनो, ती माटोळी मीच. फणसाच्या लाकडाची जुनी चौकट. सर्वण गावच्या यशवंत मेस्तांनी मला घडवलं. वर्षभर मी माळ्यावर धूळ खात पडते, कोळी माझ्यावर खुशाल संसार थाटतात. पण चवथ आली की मला धुऊन गणपतीच्या डोक्यावर टांगतात. नारळ, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, सुपारीचे घोस बांधतात. तेव्हा माझी ऐट बघावी!

मला सर्वांत सुंदर नटवायचा तो धाकू, बाबांचा धाकटा भाऊ. कांगलां नावाची लाल रानफळं तोच आणायचा आणि या कोपऱ्यात बांधायचा. एकदा बाबा त्याला हसत म्हणाले, कांगलां मिळाल्याशिवाय घरी येऊ नको. धाकू डोंगरावर गेला. अर्धा डोंगर खाणीने खाल्लेला, खाणीच्या बंद पडलेल्या खड्ड्यात पाणी तुडुंब. फळाला हात घालताना त्याच्या पायाखालची कड सुटली आणि तो त्या पाण्यात गेला.

त्या वर्षी घरात सुतक होतं, मी माळ्यावरच राहिले. पुढच्या चवथीपासून बाबांनी हा कोपरा बांधला नाही. गणपतीपुढे गाऱ्हाणं घालताना, म्हणजे घरासाठी मोठ्याने मागणं मागताना, ते गेलेल्या सगळ्यांची नावं घेतात आणि घरचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात, पण धाकूचं नाव त्यांच्या ओठांवर येत नाही. सिद्धी नंतर जन्मली. तिला कुणी काही सांगितलंच नाही.

आज बाबांनी सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाले, “मियांच धाडलंय गो त्याका.” आई पदराने डोळे पुसत राहिली.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर पुसा, पण तिच्यात राहिलेली माणसाची आठवण पुसू नका. त्या माणसामुळेच ती आज अशी आहे.

सिद्धीने माझ्या उघड्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग उठली.

“आई, बाबा, कोपरो उघडोच रवांदी. पण यंदा गाऱ्हाणां मियां घालतलंय. धाकूकाकाचा नाव घेतलंय की तुमी दोगांनी मोठ्यान म्हणायचा, व्हय म्हाराजा.”