मुळाशी न पडलेला ठसा

मी एक जुना, ठसा मारायचा हातोडा आहे, मित्रांनो. ॲटलासच्या डोंगरात, अझरू गावच्या लोहारानं मला घडवलं. माझ्या एका अंगाला धार, दुसऱ्या अंगाला उठावाची अक्षरं. धारेनं साल तासायची आणि उघड्या लाकडावर ठसा उमटवायचा. एक ठसा खोडावर, एक मुळाशी. दोन्ही असतील तोच देवदार तोडायचा. खोड निघून जातं, मुळाशी मात्र माझी साक्ष उरते. माझ्यावाचून या रानात एक झाड पडत नसे, एवढा माझा मान!

माझा धनी वनरक्षक हद्दू. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय त्यानं एकही ठोका कधी दिला नाही. दाटीतली झाडं आम्ही निवडून काढली तेव्हा खालच्या रोपांना ऊन मिळालं, त्याचं मला समाधान आहे. पण वाळलेली झाडंही आम्ही अंगण झाडावं तशी साफ केली. पोकळ खोडं संपली, सुतार पक्षी गेले, आणि किड्यांनी हिरवी झाडं पोखरली. हद्दूला हे उशिरा उमगलं. मलाही.

मग एका उन्हाळ्यात वणवा आला. अर्धा चढ जळाला. वरून साहेबांचा हुकूम आला : जळकं झाड एकही उभं ठेवू नका.

वसंतात आम्ही वर गेलो, सोबत लाकूडतोड्या बास्सू. जळक्या पट्ट्याच्या कडेचं शेवटचं झाड म्हातारं, काळंठिक्कर. "बिस्मिल्ला," हद्दू म्हणाला आणि ठसा खोडावर बसला. पण नेहमीचा 'ठक्' आला नाही, 'ढब्' असा घुमला. वरच्या ढोलीतून घुबडीण फडफडत उडाली. आत पिल्लं फिसकारू लागली.

"हद्दूदादा, आता मुळाशी द्या एक," बास्सू म्हणाला. "खेचर उभ्या उभ्या म्हातारं झालं माझं."

"पिल्लं आहेत रे आत."

"घुबडाची ना? माझी सासू बरी गाते त्यांच्यापेक्षा!"

हद्दू वाकला. मला उचललं. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. पुन्हा हलले. नाहीच. त्यानं मला अलगद गवतावर ठेवलं.

"अहो, काय झालं?"

"देवाचं नाव येईना ओठावर. त्या नावावाचून मी ठोका देत नाही."

"साहेब घरी बसवतील तुम्हाला!"

"बसवू देत. तुला तोडायचं तर तोड बाबा."

बास्सूनं तावातावानं कुऱ्हाड उचलली. सवयीनं खाली वाकून मुळाकडे पाहिलं. मूळ कोरं होतं. मुळाशी ठसा नसलेलं झाड त्याच्या बापानंही कधी तोडलं नव्हतं. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"सासूला सांगतो, तुमची गाण्यातली जोडीदारीण वाचली म्हणून," तो पुटपुटला आणि खेचर हाकलं.

साहेब रागावले. हद्दूला दोन वर्षं खालच्या नाक्यावर बसवलं. तो परतला तेव्हा त्याच काळ्या खोडावर सुतार पक्षी किडे टिपत होता, आणि आजूबाजूचे हिरवे देवदार तग धरून होते. साहेबांनीही ते पाहिलं. तोडणीच्या पुढच्या यादीत, ढोली असलेली झाडं सोडावीत, अशी ओळ आली.

आता झाडांवर रंगाची खूण करतात. मी हद्दूच्या दाराआड खुंटीला टांगलेला असतो, धार गेली, अक्षरंही झिजली. मित्रांनो, रानात गेलात तर वाळक्या झाडाला मेलेलं म्हणण्याआधी त्याच्या खोडाला कान लावा. घाई करू नका.

मी हजारो ठसे मारले. त्यांतला एकही आज मला आठवत नाही. त्या एका झाडाचं मूळ मात्र अजून कोरं आहे, आणि मला अभिमान आहे तो तेवढ्याचाच.