दुधाच्या दाताची खूण

"ओढा की, लाजताय काय?" रंगूबाई म्हणाली.

चारुलतानं पिशवीचे बंद दोन्ही हातांनी ओढले. शिवण जागची हलली नाही.

"आमच्या मालकांनी लढाईवरनं आणल्याला तंबू हाय त्यो. मालक दमलं, तंबू न्हाई दमला."

खाकी कापडावर रंगूबाईनं मण्यांची जोंधळ्याची कणसं उठवली होती. नक्षी तिच्याच डोक्यातली. साताऱ्याच्या महिला मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं, आणि घरी बसून स्वतःच्या कल्पनेनं वस्तू घडवणारी माणसं शोधायचं काम चारुलतानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. बी.एस्सी. होऊन आल्यापासून कोणती गोष्ट कशी केली हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पिशव्या ठरल्या. आता दागिने हवे होते, म्हणून ती मोटारीनं सांगलीला बिराप्पा नावाच्या कारागिराकडे गेली.

बिराप्पा कुठल्याच पेढीला बांधलेला नव्हता. घरातच शेगडी मांडून काम करायचा. "प्रदर्शनाला काय देऊ, ताई? केलं की गिऱ्हाईक घेऊन जातंय. माझं म्हणून माझ्यापाशी काय ऱ्हात न्हाई."

"मग निदान हिच्या जोडीची कुडी करून द्या." तिनं गळ्यातली ठुशी काढून त्याच्या हातावर ठेवली. ठुशी आईची होती. आई गेल्यावर तिचं म्हणून एवढंच चारुलताकडे उरलं होतं. कडेच्या एका मण्यावर बारीकसा चेपा होता. आईच्या कडेवर असताना चारुलता तिथं चावली होती. पुण्याला परीक्षेला जातानासुद्धा तिचं बोट त्या चेप्यावर असायचं.

बिराप्पानं ठुशी उजेडात फिरवली आणि मोठ्यानं हसला. "आवं, ही तर माझ्याच हातची! चांदीवर मुलामा हाय. वजन भरावं म्हणून मण्यांत लाख ठासून भरली."

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय."

"घोटाळा कसला? साताऱ्याचं तात्या आलं होतं. भुवईवर चामखीळ हाय बघा त्येंच्या. अस्सल ठुशी म्होरं ठेवून म्हणालं, लेक लय शिकल्याली हाय, बारीक बघती. चेपा हुबेहूब उतरला तरच घेणार." त्यानं हत्यारांच्या डब्यात चाचपून एक ठसा काढला. पोलादी टोक घासून त्यानं त्याला लहान मुलाच्या दाताचा आकार दिला होता. "ह्येच्यापायी किती मणी वाया घालवलं! एवढं झ्याक काम पुन्हा न्हाई झालं माझ्याच्यानं. सापडलं का हो त्या पोरीला?"

चारुलतानं ठसा हातात घेतला. बोट ठेवून पाहिलं. अगदी तसाच.

"नाही," ती म्हणाली. "नाही सापडलं."

"खरी पेटीत आन् दुसरी गळ्यात, घरोघरी आसंच असतंय, ताई."

परतीच्या वाटेवर तिनं त्याच वाक्याचा आधार धरला. पेटीत असेल. चोरीला जाऊ नये म्हणून तात्यांनी जपून ठेवली असेल.

घरी पाऊल टाकताच तिनं विचारलं, "तात्या, आईची खरी ठुशी कुठंय?"

तात्यांनी पान जुळवता जुळवता हात थांबवला. "तुझ्या वहिनीला दिली, हरीच्या बायकोला. तू परक्या घरी जाणार. घराण्याचा दागिना घरात राहावा."

"मग मला तसं सांगायचं होतं."

"रडली असतीस."

"आणि माझ्या दाताची खूण?"

"तुझ्याच समाधानासाठी केली ना! होतीस की नाही समाधानात? मग बिघडलं काय?" त्यांनी पान तोंडात टाकलं.

आपण बारीक बघतो याचा तिला अभिमान होता. तात्यांनी नेमका त्याचाच माप म्हणून उपयोग केला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी तिनं रंगूबाईच्या पिशव्यांशेजारी ठुशी मांडली. पुढं चिठ्ठी लावली: चांदीवर सोन्याचा मुलामा. कारागीर बिराप्पा, सांगली.

तात्या मंडळाच्या अध्यक्षा लीलाबाईंबरोबर टेबलांवरून नजर फिरवत येत होते. लीलाबाई म्हणजे आईची मैत्रीण. त्या चिठ्ठी न वाचताच ठुशीवर वाकल्या.

"अगं चारू, ही तुझ्या आईची ना? हा बघ चेपा. तू चावलीस तेव्हा मी समोरच होते. केवढी हसली होती ती!"

तात्यांनी लीलाबाईंच्या मागून नको म्हणून मान हलवली.

"नाही, लीलाकाकू," चारुलता म्हणाली. "आईची वहिनीकडे आहे. ही बिराप्पांनी घडवली. चेपासुद्धा त्यांचाच, तात्यांनी सांगून पाडून घेतलेला."